पॉवर स्टिअरिंग (जुन्या मोटारीचे) : जडपणाचे निदान

पॉवर स्टिअरिंग असलेली मोटार वळवायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लागणे, वळताना आवाज येणे किंवा साहाय्य मधूनच तुटणे, या तक्रारींचे मूळ शोधण्याची पद्धत. येथे मुख्यतः तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा विचार केला आहे.

हा दोष हमरस्त्यावर फारसा जाणवत नाही. वेगात चाके सहज वळतात. खरी परीक्षा होते ती गाडी उभी असताना किंवा रांगताना, कारण तेव्हा टायर जागच्या जागी जमिनीवर घासत फिरतो. तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे याचा रोज प्रत्यय येतो. सूर्यनारकोविल, तिंगळूर, आलंगुडी, तिरुनागेश्वरम अशा नवग्रह-क्षेत्रांच्या यात्रेचा मुक्काम बहुधा याच गावी असतो आणि यात्रेकरूंना नेणाऱ्या क्वालिस, टवेरा, जुन्या इनोव्हा देवळांभोवतालच्या अरुंद रस्त्यांत पुढेमागे करत वळवाव्या लागतात. येथील सारंगपाणी मंदिराचा रथसुद्धा चालता ठेवून, चाकांखाली लाकडी ठोकळे सारतच वळवतात. मोटारचालकानेही चाक किंचित फिरू देऊन मग स्टिअरिंग वळवावे. पंपाचे आयुष्य त्याने वाढते.

यंत्रणा : इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. चालकाने स्टिअरिंग वळवले की आतली बारीक पोलादी कांडी पिळली जाते, त्यामुळे झडप उघडते आणि दाबाचे तेल रॅकच्या (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या) योग्य बाजूला जाऊन चाके ढकलते. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ मध्ये पिअर्स-ॲरो मोटारीवर हे साहाय्य चालवून दाखवले. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरिअलमधून आले. भारतात अवजड वाहनांसाठी अशा यंत्रणा पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथील झेडएफ स्टिअरिंग गिअर ही कंपनी बनवते. पंप बंद पडला तरी स्टिअरिंग आणि चाके यांची यांत्रिक जोडणी कायम असते. गाडी वळते, फक्त ताकद लागते.

निदान : सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ‘स्टिअरिंग जड आहे का’ हा नव्हे, तर ‘कधी जड होते’ हा. गॅरेजमध्ये तो विचारलाच जात नाही आणि थेट रॅक उतरवला जातो, हे या दुरुस्तीतले सर्वांत महागडे दुर्दैव आहे. दोन्ही बाजूंना सारखेच जड असेल तर संशय पट्टा, तेल आणि पंप यांवर. एकाच बाजूला जड असेल तर झडप किंवा रॅकमधील सील. गाडी स्लोवर असताना जड आणि रेस दिल्यावर हलके, तर पंप झिजलेला किंवा पट्टा घसरतो आहे. सकाळी जड व थोडे चालल्यावर मोकळे, तर झडपेच्या कड्या बसतात त्या जागी चर पडलेला असू शकतो. उलट, तापल्यावर जड होत असेल तर पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून निसटते आहे.

त्याआधी यंत्रणेबाहेरची कारणे दूर करावीत. पुढच्या टायरांत हवा पुरेशी आहे का, हे सर्वप्रथम. मग पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. तरीही अडखळत असेल, तर तेलाचा काही संबंध नाही : बॉल जॉइंट, शॉक ॲब्झॉर्बरच्या माथ्यावरचे बेअरिंग किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा गंजलेला सांधा पाहावा.

नंतर स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचे झाकण उघडावे. तेल काळे आणि करपट वासाचे असेल तर ते जळलेले आहे. फेसाळ असेल तर त्यात हवा शिरली आहे. पंपाची घरघर बहुधा याचीच. हवा काढताना चाके उचललेलीच ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग अनेकदा पूर्ण फिरवावे, तेल भरत राहावे आणि बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. तेल पुस्तिकेत सांगितलेलेच हवे. काही गाड्यांना स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल (एटीएफ) चालते, काहींना स्वतंत्र तेल लागते. ब्रेक ऑइल मात्र कधीही घालू नये. त्याने रबरी सील फुगतात आणि एका दिवसाची सोय पूर्ण यंत्रणेच्या मुळावर येते.

पंप की रॅक, हा वाद दाबमापकाने मिटतो. पंपाच्या पुढच्या नळीत मापक आणि बंद करता येणारी झडप बसवतात. झडप क्षणभर, पाच सेकंदांपेक्षा कमी, बंद केल्यावर पुस्तिकेतला दाब आला तर पंप ठीक आहे आणि गळती रॅकच्या आत आहे. आला नाही, तर पंप किंवा त्याची नियंत्रक झडप दोषी. स्टिअरिंग एका टोकाला दाबून धरल्यानेही पंपावर असाच ताण येतो, म्हणून ती सवय वाईट.

विजेच्या स्टिअरिंगमध्ये (सुझुकी सर्वो या मोटारीत १९८८ पासून) तेल नसते. तेथे तपासणी बॅटरी, अल्टरनेटर, अर्थिंग आणि फ्यूज यांपासून सुरू करावी. व्होल्टेज पडले की साहाय्यही पडते. सतत वळवल्याने मोटर तापली तर यंत्रणा स्वतःच साहाय्य कमी करते आणि थंड झाल्यावर परत देते. तो बिघाड नव्हे.

पंप बदलायचाच ठरला, तर जुन्या पंपाचा धातूचा चुरा नळ्यांत आणि टाकीच्या जाळीत अडकलेला असतो. नळ्या धुऊन, जाळी साफ करून किंवा टाकी बदलूनच नवा पंप बसवावा. असे न केल्यास तोच चुरा नव्या पंपालाही खातो.