चालते नाणे

कीर्तनाला गळा साथ देईना, तेव्हा फडावर बसून खाण्यापेक्षा काही उपयोगी पडावे म्हणून मी दिंडीच्या भिशीची वही हाती घेतली. 2017 च्या आषाढी वारीची गोष्ट. आळंदीच्या मुक्कामात एक म्हातारी आली. कनवटीची पिशवी सोडून तिने दहा-दहा रुपयांची नाणी माझ्यापुढे ओतली. भाजी विकून वर्षभर साठवलेली. मी म्हणालो, "माउली, ही चालत नाहीत. किराणावाला घेत नाही." ती म्हणाली, "महाराज, बाजारात मला लोकांनीच दिली की." मी वही मिटली. तिने एकेक नाणे वेचून पिशवीत भरले आणि उठली. त्या वर्षी ती आमच्या दिंडीत चालली नाही.

त्या दिवसांत गावोगावी आवई उठली होती, की दहाच्या नाण्यावर दहा रेघा असल्या तर खरे आणि पंधरा असल्या तर खोटे; रुपयाचे चिन्ह असले तर घ्यावे, नसले तर परत करावे. रेघा मोजायला चष्मा लागतो, आणि तो घालून मोजणारा मी एकच विरळा. बाकीचे न मोजताच नको म्हणत.

नाणे ओळखायचे कसे, हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. पेशवाईत टांकसाळी अनेक. चांदवडचा रुपया चांदवडी, अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी. त्या मराठी रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे, अक्षर फारशी. कुणब्याला ते कुठून वाचता येणार? तो अंकुश पाही, आणि शंका आली तर पोतदाराकडे जाई. गावचा सोनारच बहुधा पोतदार. तो नाणे दगडावर वाजवी, कड पाही, झीज पाही आणि बट्टा सांगे. पंढरीच्या नरहरी महाराजांचा व्यवसाय हाच, म्हणून कीर्तनात हा दृष्टांत मी पुष्कळदा घेतला आहे. पण दृष्टांतात एक गोष्ट माझ्याकडून राहून जाई. पोतदार चुकला तर भांडायला तो समोर बसलेला असे. आवईला तोंड नसते.

तांब्याच्या शिवराईला मात्र पोतदार फारसा लागला नाही. 1674 मध्ये महाराजांनी रायगडी राज्याभिषेक करून घेतला, त्या काळापासूनचे हे नाणे. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. महाराज गेले, पेशवे आले आणि गेले, इंग्रज आला, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ते बाजारात फिरत होते. जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने, ज्याने महिपतीबोवांचा भक्तविजय इंग्रजीत नेला, हजारो शिवराई नाणी गोळा करून त्यांवरची अक्षरे लावली. कुठे शिव तर कुठे सिव, कुठे पति तर कुठे पती. दोन ओळींमध्ये दोन दांड्या आल्या ती दुदांडी. म्हणजे रेघांचा फरक तेव्हाही होता! पण दोन दांड्या आहेत म्हणून कुणी ती फेकली नाही. उलट दुदांडी हे नावच तिला लाभले.

माझ्या लहानपणी, 1957 च्या एप्रिलात, नये पैसे आले. एका आण्याचे 6, दोन आण्यांचे 12, तीन आण्यांचे 19, आणि पावलीचे 25. एकेक आणा चारदा मोडला तर हाती 24 येत, पावली एकदम मोडली तर 25. या एका पैशावरून आमच्या वाण्याच्या ओट्यावर जी भांडणे होत, ती ऐकून मी हिशेब शिकलो. आजीला अक्षरओळख नव्हती. पाच पैशांचे चौकोनी नाणे ती पदराच्या गाठीवरूनच ओळखी.

आरतीच्या ताटाचा अनुभव वेगळा. बाजाराने परत केलेले नाणे हमखास तिथे येते, कारण पांडुरंग ते फिरवून देत नाही. 30 जून 2011 नंतर चाराणे बंद झाले, तेव्हा कित्येक महिने माझ्या ताटात चाराणेच चाराणे. मी कुणाला बोललो नाही; हसून पदरी घेतले.

आणि याच्या उलटही पाहिले. 1999 मध्ये सरकारने ज्ञानेश्वर माउलींच्या प्रतिमेचा रुपया काढला, 2002 मध्ये तुकोबांचे दोन रुपयांचे नाणे. कायद्याने चालणारी नाणी, पण हाती आले की आपला वारकरी ते कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवी. एका दुकानदाराला मी तुकोबांचे नाणे देताना पाहिले. गिऱ्हाइकाने सुटे म्हणून दुसरे मागितले नाही, पण ते खिशातही टाकले नाही, टोपीच्या घडीत ठेवले. माझ्याही देव्हाऱ्यात माउलींचा रुपया आहे.

बंद झालेले चाराणे मी घेतले, आणि चालणारे दहा रुपये परत केले. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, की दहाच्या नाण्याचे 14 नमुने आहेत आणि सगळेच चालतात. नातवाने ते वाचून दाखवले तेव्हा मला ती पिशवी आठवली. त्या आषाढीला आळंदीत मी तीन दिवस आधी जाऊन बसलो. येणाऱ्या प्रत्येक दिंडीत विचारले. पण काय सांगून विचारणार? भाजी विकणारी, म्हातारी, कनवटीला पिशवी. अशा शेकड्यांनी असतात. वही उघडून पाहिली, तर तिचे नाव, गाव काहीच नव्हते. ज्यांची भिशी जमा होई, त्यांचीच नावे आम्ही लिहीत असू.