लोणारची धार, सिंदखेडचा वाडा



आम्ही साखऱ्याच्या बचत गटातल्या अकरा जणी. सोयाबीन घरात आले होते, हरभरा पेरून झाला होता आणि हळदीच्या काढणीला अवकाश होता. म्हणून एका दिवसाची सहल काढायची ठरवली. गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, जिचे भाडे तिने द्यायचे, हे लगेच ठरले. जायचे कुठे, यावर मात्र दोन बैठका गेल्या. कोणी औंढा म्हणाले, कोणी माहूर. शेवटी गटातल्या आजी म्हणाल्या, "दर बारा जानेवारीला जिजाऊच्या फोटोला हार घालता. तिचं माहेर एका दिवसात पाहून येण्यासारखं आहे. पाहिलंय का एकीनं तरी?" एकीनेही पाहिले नव्हते.

पहाटे भाकरी, ठेचा आणि दशम्या बांधून आम्ही क्रुझरमध्ये बसलो. रिसोडमार्गे आधी लोणार, मग सिंदखेडराजा. रिसोडच्या वाटेवर मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. रस्त्यावरून जाताना ते कळतही नाही. पण आपल्या आज्यांच्या काळात ही खरी सरहद्द होती. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. तेव्हापासून तिकडे इंग्रजांचा अंमल आणि इकडे मोगलाई. देश 1947 ला स्वतंत्र झाला, आपला भाग मात्र 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राज्यातून सुटला. 1956 मध्ये मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली, पण सोयरिकी कोणत्याच सरहद्दीला विचारून झाल्या नाहीत. आम्हा अकरा जणींत चौघींचे माहेर तिकडचे आहे.

त्यातल्या एका ताईचे माहेर तर लोणारजवळच. सात वर्षांत ती तिकडे गेलेली नव्हती. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले आणि तिने सही केली नाही. मग इकडून नवरा बोलला, तिकडून भाऊ बोलले आणि येणे-जाणे बंद झाले. ताईला विचारूनच आम्ही हे सांगतो आहोत.

लोणारच्या काठावर उभे राहिलो आणि सगळ्या गप्प झालो. जमिनीत कोणी भले मोठे परातीसारखे खोलगट करून ठेवावे, तसे ते दिसते. तळाशी हिरवट पाणी, भोवती झाडी. हे विवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर आहे. आकाशातून आलेली मोठी उल्का काळ्या पाषाणावर आदळली आणि हा खड्डा पडला, असे शास्त्रज्ञांनी अभ्यासाने ठरवले आहे. जुनी माणसे सांगतात ती गोष्ट वेगळी. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहायचा, त्याला विष्णूने मारले. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात तीच कथा मूर्तीत कोरलेली आहे. लवण म्हणजे मीठ. तळ्याचे पाणी खारट आहे आणि पूर्वी त्यातून खार काढून विकला जाई. जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे. त्याच वर्षी लोणार जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

आम्हाला मात्र नवल वाटले ते धारेचे. खाली एवढे खारट पाणी आणि वर काठावर गोमुखातून गोड पाण्याची धार अखंड वाहते. तिथेच आम्ही भाकरी सोडली. ताईने ओंजळ भरून पाणी प्यायले आणि म्हणाली, "लहानपणी आई इथं आंघोळीला आणायची." पुढे ती काही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.

दुपारी सिंदखेडराजाला पोचलो. मुंबई-नागपूर रस्त्यालगतच लखुजी जाधवरावांचा वाडा आहे. दगडी महाद्वार इतके उंच, की वर बघताना डोक्यावरचा पदर खाली येतो. याच वाड्यात 12 जानेवारी 1598 ला जिजाऊंचा जन्म झाला. आई म्हाळसाबाई. जन्माच्या खोलीत आम्ही डोके टेकले. मग गाव पाहिले आणि लक्षात आले, की या जाधवांनी जेवढा दगड भिंतीला लावला तेवढाच पाण्यालाही लावला. मोती तलावाला दगडी बांध आहे. चांदणी तलावात मधोमध इमारत उभी आहे. पुतळा बारवेच्या भिंतींवर मूर्ती कोरलेल्या आहेत. आपल्यासारख्या टँकरची वाट पाहणाऱ्या बायांनी ती बारव बघावीच. पायऱ्या उतरत गेले की आपोआप गार वाटते.

शेवटी लखुजीराजांच्या समाधीपाशी गेलो. ही मोठी चौकोनी दगडी वास्तू आहे. तिथे आजींनी आम्हाला बसवले आणि ज्याला इतिहास म्हणतात ते घरच्या भाषेत सांगितले.

जिजाऊंचे लग्न शहाजीराजे भोसल्यांशी झाले. पुढे एकदा निजामशाही दरबार सुटताना खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. त्या गोंधळात जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. जिजाऊंचे भाऊ दत्ताजी मारले गेले आणि शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजीही. म्हणजे माहेरचा भाऊ गेला आणि सासरचा दीरही गेला. रडायचे कोणासाठी आणि कोणासमोर?

मग 25 जुलै 1629. लखुजीराजे आपल्या मुलांसह आणि नातवासह देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी मुजऱ्याला गेले होते. तिथेच दगा झाला आणि लखुजी, दोन मुलगे आणि एक नातू मारले गेले. आता महिने मोजा. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर 19 फेब्रुवारी 1630 ला झाला. म्हणजे माहेर असे उघडे पडले तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते, दुसरा-तिसरा महिना असेल. आपल्यातल्या कितीतरी जणींनी त्या दिवसांत अन्नाचा वासही सहन होत नाही हे भोगले आहे. त्या अवस्थेत ही बातमी आली.

त्यावरही थांबले नाही. 1630 पासून दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्याच काळात आदिलशाही फौजेने पुणे जाळून उजाड केले. काही वर्षांनी लहान शिवबाला घेऊन जिजाऊ त्या उजाड पुण्यात राहायला आल्या. कसब्यातला गणपती त्यांनी बसवला. पळून गेलेली माणसे परत आणली, जमीन पुन्हा नांगराखाली आणली. तिथे सोन्याचा फाळ लावून नांगर धरला, असे सांगतात. पुढे 6 जून 1674 ला रायगडावर मुलाचा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि 17 जूनला पाचाडला देह ठेवला.

आजी म्हणाल्या, "आपण तिला शिवबाची आई म्हणतो, ते खरंच आहे. पण ती लेकही होती आणि बहीणही. सासर-माहेराच्या भांडणात ती कोणाची बाजू घेऊन भांडत बसली, असं कुठं ऐकलं नाही. पण आपलं जे होतं ते तिनं सोडलंही नाही. उजाड जागेवर नांगर घातला."

सगळ्यांनी ताईकडे पाहिले. तिला कोणी सही कर म्हणाले नाही, करू नको असेही नाही. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू घरातल्या लेकीला लेकाएवढा हक्क कायद्याने आहे, हे तिला माहीत आहे. हक्क कागदावर आहे. बोलणे कोणी सुरू करायचे, हे कागदावर लिहिलेले नसते.

परतीच्या वाटेवर लोणार ओलांडले तेव्हा अंधार पडला होता. ताईने गाडीतूनच भावजयीला फोन लावला. "तुमच्या गावावरून चाललेय," एवढेच म्हणाली. पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग विचारले गेले, "जेवण झालं का?"

सात वर्षांत पहिल्यांदा. वाटणीचे काय होईल ते पुढे बघू. सही ताईने अजून केलेली नाही आणि करणार नाही, असे ती म्हणते. पण संक्रांतीला वाण घेऊन जाणार आहे, आणि आमच्यातल्या दोघी सोबत जातील.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचीही एक दिवसाची सहल काढा. लांब जायची गरज नाही. आपल्या मुलखात गढी आहे, बारव आहे, तळे आहे. जाताना एखाद्या आजीला सोबत घ्या आणि तिथे बसून तिला बोलू द्या. भाकरी मात्र जास्तीची बांधा, उन्हात फिरून भूक फार लागते.