थाई मिरी आणि परदेशी वांगे

थायलंडचे जेवण म्हटले की आधी तिखटजाळ मिरची आठवते. ती तिथे अनादी काळापासून असावी, असे सहज वाटून जाते. पण मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी आशियात ती कोणाला ठाऊकच नव्हती. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, अयुथ्थया या राजधानीत गेला. मिरची आशियात पसरली ती मुख्यतः या व्यापारी मार्गांनी. मात्र परसात लावलेल्या रोपांची नोंद दरबारी कागदपत्रांत क्वचितच सापडते. अशा वेळी आपण भाषेला साक्षीला बोलावू.

थाई भाषेत मिरचीला ‘फ्रिक’ म्हणतात आणि काळ्या मिरीला ‘फ्रिक थाई’. मिरीच्या मागे ‘थाई’ लावायची गरज का पडली? पूर्वी ‘फ्रिक’ म्हणजे मिरीच. नवी आलेली मिरची इतकी रुळली की तिने ते नावच घेतले, आणि जुन्या मिरीला ओळखीसाठी विशेषण चिकटले. आपणही मिरीवरूनच मिरची हा शब्द केला. फक्त आपल्याकडे मिरीचे नाव शाबूत राहिले.

टोमॅटोचे नाव तर याहून गमतीचे: ‘मखुआ थेत’. मखुआ म्हणजे वांगे, आणि ‘थेत’ हा आपला ‘देश’ शब्द. थाई भाषेत त्याला परदेश असा अर्थ आला, म्हणून टोमॅटो ठरला परदेशी वांगे! वांगे आणि टोमॅटो एकाच वनस्पतिकुळातले आहेत, हे नाव ठेवणाऱ्यांनी नुसत्या नजरेने ओळखले असावे. बटाटा तिथे ‘मन फरांग’, म्हणजे फिरंगी कंद. ‘फरांग’ आणि ‘फिरंगी’ ही भावंडेच. आपल्या पेरूलाही तिथे नुसते ‘फरांग’च म्हणतात.

आता ‘सोम ताम’ हा प्रसिद्ध पदार्थ पाहू. कच्च्या पपईचा कीस, मिरची आणि टोमॅटो उखळात हलकेच कुटून त्यात लिंबू पिळतात. मध्य थायलंडात शेंगदाणे आणि सुकट घालतात. पपई, मिरची, टोमॅटो, शेंगदाणे हे चारही अमेरिकेचे! मग याला पारंपरिक का म्हणायचे? आमच्या मते, खुशाल म्हणावे. परंपरा म्हणजे काय, एवढे मात्र वर्गात विचारायला हवे.

ईशान्येकडच्या इसान भागात याच सोम ताममध्ये ‘प्ला रा’ घालतात, आणि तिथे आपण फार जुन्या थराला पोहोचतो. पावसाळ्यात नद्या आणि भातखाचरे माशांनी भरतात. कोरड्या महिन्यांत मासे दुर्मिळ. या पठाराखाली मिठाचे थर आहेत, त्यामुळे जमिनीवर खारी माती फुलते. ती पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून मीठ काढायचे. ते मासे आणि भाजलेल्या तांदळाची पूड किंवा कोंडा यांत मिसळून मडक्यात महिनोन्‌महिने ठेवायचे. मिठामुळे नासवणारे जिवाणू रोखले जातात, माशातलीच विकरे प्रथिनांचे तुकडे करतात, आणि गाढ चव उतरते. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी प्रथिने साठवण्याची काढलेली ही युक्ती आहे. वास उग्र असतो, हे खरे!

याच्या जोडीला इसानमध्ये चिकट भात असतो. तो वाफवतात आणि हाताने गोळा करून खातात. त्याच्या स्टार्चमध्ये जवळजवळ सगळे अमायलोपेक्टिनच असते, अमायलोज नगण्य. आसामचा ‘बोरा’ तांदूळही असाच. तो मिळाला तर विद्यार्थ्यांना एक प्रयोग देता येईल. नेहमीचा तांदूळ आणि हा तांदूळ वेगवेगळे उकळून, गार झालेल्या पेजेत आयोडीनच्या सौम्य द्रावणाचे दोन थेंब टाकावेत. पहिली पेज निळी होईल, दुसरी तांबूस तपकिरी.