बाघचा चुनखडक आणि लुप्त सागर

रोह्याच्या परिसरातील बेसाल्ट हा लाव्ह्याचा खडक असल्याने त्यात प्राचीन सागराचे जीवाश्म आढळत नाहीत. त्यांसाठी धार जिल्ह्यातील बाघकडे वळावे लागते. लाव्हा पसरण्यापूर्वी, क्रिटेशस कालखंडात, समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. तेथील गाठाळ चुनखडकात ॲमोनाइट सापडतात. त्याचे सूक्ष्म कण संथ पाण्यात साचल्याचे सूचित करतात. त्यावरील थरांस ‘प्रवाळ चुनखडक’ असे नाव पडले. परंतु जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३९ साली वर्णिलेले ब्रायोझोआ प्रवाळांहून भिन्न प्राणी होत. त्यांचे झिजलेले तुकडे व तिरपे थर उथळ, प्रवाही जल दर्शवितात, प्रवाळभित्ती नव्हे. तात्पर्य, सागराचे अनुमान खडकाच्या नावावरून न करता जीवाश्मांच्या अवस्थेवरूनच केले पाहिजे.