अणुप्रारूपे

अणूच्या अंतर्रचनेची, प्रयोगांतून मिळालेल्या पुराव्याशी जुळवून घेतलेली मांडणी म्हणजे अणुप्रारूप. कणादांच्या वैशेषिक दर्शनातील परमाणू आणि डेमॉक्रिटसचा अविभाज्य कण यांचा या संदर्भात नेहमी उल्लेख होतो. पण त्या तात्त्विक कल्पना असून मोजमापाशी त्यांचा संबंध नाही. त्यांपैकी आधीची कोणती, हा वाद येथे अप्रस्तुत आहे.

डाल्टन : मँचेस्टरचे शिक्षक जॉन डाल्टन (१७६६–१८४४) यांनी १८०३ च्या सुमारास मूलद्रव्यांचे तुलनात्मक अणुभार काढले व १८०८ मध्ये आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. त्यांच्या अणूला अंतर्रचनाच नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने ते प्रारूप ठरत नाही.

थॉमसन : केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये ऋण किरणांतील कणांचे (पुढे इलेक्ट्रॉन) प्रभार-वस्तुमान गुणोत्तर मोजले. १९०४ मध्ये त्यांनी धनप्रभाराच्या एकसारख्या गोलात इलेक्ट्रॉनांची वलये फिरत असल्याचे प्रारूप दिले. पाठ्यपुस्तकांतील ‘प्लम पुडिंग’ या नावामुळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी रुतून बसल्याचा समज होतो, तो खरा नाही. वलयांच्या स्थैर्याचे गणित आणि त्यातून आवर्त सारणीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न हाच त्या लेखाचा गाभा होता. त्याच वर्षी जपानचे हान्तारो नागाओका यांनी शनीसारखे, जड केंद्राभोवती वलय असलेले प्रारूप सुचवले. अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या १९११ च्या लेखात (पुढे पाहा) त्याचा उल्लेख आहे. रदरफोर्ड यांच्यावर त्याचा प्रभाव किती, याविषयी मतभेद आहेत.

गायगर-मार्सडेन प्रयोग व केंद्रकीय प्रारूप : अणुकल्पनेला खरी कलाटणी मिळाली ती मँचेस्टर विद्यापीठातील अंधाऱ्या खोलीत. १९०९ मध्ये अर्नेस्ट रदरफोर्ड यांचे सहकारी हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन हा विशीतला विद्यार्थी यांनी अल्फा कण धातूच्या पत्र्यावरून मागे परततात का, हे तपासले. किरणोत्सारी स्रोत आणि झिंक सल्फाइडचा पडदा यांच्या मध्ये शिशाचा आडोसा ठेवला, म्हणजे पडद्यावर उमटेल ती ठिणगी धातूवरून उलटलेल्या कणाचीच. शिशे, सोने, प्लॅटिनम, कथील, चांदी, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम वापरून पाहिले. धातू जितका जड तितके परतणारे कण अधिक. सोन्याचे वर्ख एकावर एक ठेवत गेल्यावर एका मर्यादेपर्यंत संख्या वाढत गेली, म्हणजे ही करामत केवळ पृष्ठभागाची नव्हती. सुमारे ८,००० कणांमागे एक कण परततो, हा बहुश्रुत आकडा प्लॅटिनमचा आहे. सोन्याच्या वर्खाशी तो जोडला जातो तो सवयीने.

थॉमसन यांच्या मते असे विचलन अनेक बारीक धक्क्यांची बेरीज असावे. मोठ्या कोनांसाठी ही बेरीज पुरत नाही, हे रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये दाखवले. एकाच धक्क्यात कण उलटायचा तर प्रभार अतिशय लहान जागी एकवटलेला हवा. अल्फा कण केंद्राच्या जास्तीत जास्त किती जवळ येतो, याचे सोन्यासाठी त्यांनी काढलेले अंतर अणूच्या त्रिज्येच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतके भरते. केंद्राचा प्रभार धन की ऋण, हे त्या लेखात ठरवलेले नाही. इलेक्ट्रॉनांच्या मांडणीविषयीही त्यात फारसे काही नाही आणि स्थैर्याचा प्रश्न लेखकाने उघडपणे पुढे ढकलला आहे. सूर्यमालेचे चित्र नंतर चिकटलेले आहे.

रदरफोर्ड यांच्या विचलनाच्या सूत्राची खरी परीक्षा १९१३ मध्ये झाली. गायगर व मार्सडेन यांनी निर्वात पेटीला जोडलेले सूक्ष्मदर्शक ५ पासून १५० अंशांपर्यंत फिरवून ठिणग्या डोळ्यांनी मोजल्या. या टप्प्यात कणांची संख्या सुमारे अडीच लाख पटींनी बदलते, आणि माणसाचा डोळा मिनिटाला फार थोड्या ठिणग्या बिनचूक मोजू शकतो. रेडॉनचा स्रोत साधारण ३.८ दिवसांत निम्मा होतो, या अडचणीचाच त्यांनी उपयोग करून घेतला : स्रोत ताजा असताना मोठे कोन, तो मंदावल्यावर लहान. कोन, वर्खाची जाडी, कणांचा वेग या सर्व बाबतींत सूत्र खरे उतरले. त्याआधी, १९११ च्या लेखानंतर, केंद्रकाचा बोलबाला लगेच झाला नव्हता. १९११ च्या सॉल्व्हे परिषदेला रदरफोर्ड हजर होते, पण तेथे या विषयावर चर्चा झाल्याचे दिसत नाही.

बोर : फिरणारा इलेक्ट्रॉन अभिजात नियमांनुसार ऊर्जा उत्सर्जित करून केंद्रकावर कोसळला पाहिजे. १९१२ मध्ये काही महिने मँचेस्टरला राहिलेल्या नील्स बोर यांनी १९१३ मध्ये तीन भागांच्या लेखात स्थायी कक्षांचे गृहीतक मांडले आणि हायड्रोजनच्या वर्णरेषांसाठीच्या बामर यांच्या १८८५ च्या सूत्रातील स्थिरांक इलेक्ट्रॉनचा प्रभार, वस्तुमान व प्लांक स्थिरांक यांवरून काढून दाखवला. हायड्रोजनच्या मानल्या गेलेल्या काही रेषा आयनीभूत हेलियमच्या आहेत, असेही त्यांनी म्हटले. आल्फ्रेड फौलर यांनी आक्षेप घेतला की, मग हेलियम व हायड्रोजन यांच्या स्थिरांकांचे गुणोत्तर नेमके ४ यायला हवे, ते तसे येत नाही. केंद्रकाचेही किंचित चलन हिशेबात धरून बोर यांनी ४.००१६३ ही किंमत काढली; ती निरीक्षणाशी जुळली. हेलियमच्या उदासीन अणूपुढे मात्र हे प्रारूप हतबल ठरले.

मोस्ली : क्ष-किरण वर्णपटांवरून (१९१३–१४) अणुअंक म्हणजे केंद्रकाचा प्रभार, हे हेन्री मोस्ली यांनी दाखवले. १९१५ मध्ये गॅलिपोली येथे ते मारले गेले.

सॉमरफेल्ड : बोर यांच्या प्रारूपात लंबवर्तुळाकार कक्षांची भर, १९१५–१६.

पुंजयामिकी : हायझेनबर्ग (१९२५) व श्रोडिंगर (१९२६) यांच्या मांडणीत निश्चित कक्षेची जागा संभाव्यतेने घेतली.

न्यूट्रॉन : शोध जेम्स चॅडविक यांचा, १९३२.

बोर प्रारूप अध्यापनापलीकडेही काही ठिकाणी टिकून आहे. अतिउत्तेजित (रिडबर्ग) अणूंचा आकार पुंजांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुंजांक ५० असलेला हायड्रोजन अणू त्याच्या मूळ अवस्थेपेक्षा सुमारे २,५०० पट रुंद असतो, आणि हा अंदाज १९१३ च्या सूत्रावरूनच बांधता येतो.