पीस कुठवर गेलं?

पत्नीच्या सायनसच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "काका, डोळ्याची नस कुठून जातेय बघा." माझी उमेदीची वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली, उलटं वाचायची सवय आहे. फिल्मवर रोग्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे मला सांगावं लागलं नाही. नस मात्र दिसली नाही. त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो.

गालाच्या हाडातली पोकळी लिओनार्दोने 1489च्या सुमारास कवटी कापून चितारली होती, पण ती चित्रं वह्यांतच राहिली. नाव मिळालं ते इंग्लंडमधल्या नॅथॅनिएल हायमोर या वैद्याचं. 1651च्या ग्रंथात त्याने एका बाईची हकीकत दिली आहे. सुळा उपटला, त्याबरोबर हाडाचा तुकडा निघाला आणि भोकातून पाणी गळू लागलं. बाईने चांदीचा दाभण घातला, मग तासलेलं पीस. ते जवळजवळ अख्खं आत गेलं. मेंदूपर्यंत पोचलं की काय, म्हणून ती घाबरली. पीस पोकळीतच गुंडाळलं जात होतं, हे हायमोरने तिला समजावलं.

भीती अस्थानी नव्हती, जागा चुकली होती. खरा धोका नाकाच्या मागे, वर. बुडापेस्टच्या अडोल्फ ओनोडीने शवांच्या डोक्यांचे काप घेऊन दाखवलं की, डोळ्यांमधल्या जाळीदार हाडाची शेवटची कोठडी काहींच्यात मागच्या स्फेनॉइड पोकळीच्या वर सरकते आणि दृष्टीची नस तिच्या भिंतीला चिकटून जाते. स्फेनॉइडच्या बाजूलाच मेंदूकडे जाणारी कॅरॉटिड धमनी. मधलं हाड कधी कागदासारखं, कधी नसतंच. वर नाकाचं छत. ते किती खोल उतरतं याच्या तीन प्रती झाग्रेबच्या केरोसने 1962 मध्ये ठरवल्या: 1 ते 3, 4 ते 7 आणि 8 ते 16 मिलिमीटर. खोली जास्त, तितकी छताची बाजूची नाजूक भिंत उघडी. पण हे सगळं मेलेल्या माणसांचं ज्ञान. समोरच्या जिवंत रोग्याचं हाड कसं, हे सर्जनला कळणार कसं? साध्या एक्स-रेत सगळ्या सावल्या एकमेकींवर पडतात.

ते जमवलं ग्रामोफोनच्या तबकड्या विकणाऱ्या ईएमआय कंपनीतल्या हाउन्सफिल्ड या इंजिनियरने. 1 ऑक्टोबर 1971ला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचा स्कॅन झाला. सायनसची पाळी नंतर आली. दुर्बिणीने नाकातून शस्त्रक्रिया करण्याची ग्राझच्या मेसरक्लिंगरची पद्धत 1980च्या दशकात पसरली, तेव्हा आधी नकाशा हवाच झाला. हवा काळी, हाड पांढरं. अशा जागेला सीटीसारखं साधन नाही. नस स्वतः करडी, तिला ओळखायचं ते भोवतालच्या हाडावरून. मी रेषा शोधत होतो, इथेच चुकलो.

दुसऱ्या खेपेला ती मला दिसली. डावीकडे, ओनोडीच्या कोठडीत चक्क फुगवटा. डॉक्टर म्हणाले, "म्हणून तिथे मी हात राखून काम करणार." ऑपरेशनच्या दिवशी फिल्म थिएटरमधल्या दिव्यावर टांगलेली होती, असं पत्नीने नंतर सांगितलं. भूल चढण्यापूर्वी तिने शेवटचं तेच पाहिलं.