साओ पावलोत जिंकलेलं युद्ध

परदेशात स्थायिक झालेल्या नातेवाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड वाचून हसू आलं की मला ब्राझीलमधले जपानी आठवतात.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. साओ पावलो राज्यातल्या जपानी वस्त्यांमध्ये मात्र बातमी पसरली ती जपान जिंकल्याची. लोकांमध्ये दोन तट पडले. 'काचीगुमी' म्हणजे विजय मानणारे आणि 'माकेगुमी' म्हणजे पराभव मानणारे. विजय मानणारेच जास्त होते.

हे लोक भोळे होते असं म्हणून विषय संपत नाही. १९०८ साली 'कासातो मारू' जहाजातून पहिली तुकडी सान्तोस बंदरात उतरली, ती कॉफीच्या मळ्यांत चार पैसे कमवून परत जायच्या बेताने. बहुतेकांचं परतणं लांबतच गेलं. पुढे व्हार्गसच्या राजवटीत जपानी शाळा बंद झाल्या, १९४१ साली वर्तमानपत्रं बंद झाली आणि युद्धकाळात चारचौघांत जपानी बोलण्यावरही बंदी आली. १९४३मध्ये सान्तोसच्या जपानी कुटुंबांना २४ तासांत घरं सोडायला लावली. आता तेच सरकार, धड न कळणाऱ्या पोर्तुगीजमध्ये सांगणार की तुमचा देश हरला. विश्वास कोण ठेवील? (आमच्या धंद्यात सर्व्हरशी संपर्क तुटला की स्क्रीनवर जुनाच डेटा दिसत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय.)

शिवाय पराभव मान्य करणं म्हणजे परतीचा बेतच मोडीत काढणं. ठगांनी हे अचूक हेरलं. मातीमोल झालेले येन त्यांनी भाबड्यांच्या गळ्यात मारले. न्यायला जपानी जहाजं येणार या अफवेवर काहींनी होतं नव्हतं ते विकून सान्तोस गाठलं.

माजी लष्करी अधिकारी जुंजी किक्कावाच्या 'शिंदो रेन्मेई' संघटनेने तर पराभव मानणाऱ्यांना देशद्रोही ठरवलं. ७ मार्च १९४६ रोजी बास्तोस गावच्या सहकारी संस्थेचे प्रमुख इकुता मिझोबे यांना गोळी घातली गेली. वर्षभरात २३ माणसं मेली. मारणारे जपानी आणि मरणारेही बहुतेक जपानीच.

पोलिसांची तपासाची पद्धतही अजब होती. सम्राटाच्या तसबिरीवर पाय द्यायला सांगायचं. नकार दिला की तो संशयित. खून न केलेले कित्येक असेच तुरुंगात गेले. या छळाबद्दल ब्राझील सरकारच्या आयोगाने माफी मागितली, ती २०२४ साली.